विषारी हल्ल्याची पहिली परीक्षा रुग्णालयाच्या फाटकावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रासायनिक किंवा किरणोत्सारी हल्ल्याच्या तयारीची बातमी छापून येते तेव्हा तिच्यासोबत बहुधा एकच छायाचित्र असते. नखशिखान्त पोशाख चढवलेले, तोंडाला मुखवटे लावलेले जवान आणि बाजूला शामियान्यात खुर्च्यांवर बसलेले पाहुणे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिच्या जवानांना या कामाचे शिक्षण मिळालेले आहे आणि ते आपले काम चोख करतील, याविषयी आम्हाला शंका नाही. पण कुठलेही पथक पोहोचायच्या आधी रुग्ण रुग्णालयात पोहोचलेले असतात, तेही टॅक्सीने, रिक्षाने, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याला धरून चालत. त्यांच्यासमोर पहिला उभा राहतो तो फाटकावरचा रखवालदार. त्या क्षणी काय करायचे, हे बहुतेक ठिकाणी त्याला कुणी सांगितलेले नसते. सगळी तयारी तिथून सुरू व्हायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र.

टोकियोचे उदाहरण सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण त्यातले रुग्णालयाचे प्रकरण फारसे कुणी वाचत नाही. २० मार्च १९९५, सोमवार, सकाळी आठच्या सुमारास ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरच्या पाच गाड्यांत सरिन हे मज्जातंतूंवर घाला घालणारे विष सोडले. मृतांची संख्या पुढे १४ झाली. त्यातली शेवटची व्यक्ती २५ वर्षे अंथरुणाला खिळून २०२० साली गेली. त्या दिवशी पाच हजारांवर लोक रुग्णालयांत गेले आणि अँब्युलन्सने नेलेले त्यात होते फक्त ६८८. बाकीचे आपल्या पायांनी किंवा मिळेल त्या वाहनाने आले. जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात साडेआठच्या सुमारास पहिला रुग्ण चालत आला, डोळे दुखतात म्हणून. दिवसअखेर तिथे ६४० जण झाले. अग्निशमन दलाचा पहिला निरोप होता की वायू अॅसिटोनायट्राइल असावा. सरिन असल्याचे पोलिसांनी जाहीर केले तेव्हा अकरा वाजले होते आणि डॉक्टरांना ते कळले टीव्हीवरून. आदल्या वर्षी जूनमध्ये मात्सुमोतो शहरात याच पंथाने असाच हल्ला केला होता. तिथले रुग्ण तपासलेल्या शिन्शू विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी टीव्हीवरची दृश्ये पाहून टोकियोला आपण होऊन कळवले, म्हणून निदान थोडे आधी झाले.

सेंट ल्यूक्सचे प्रमुख शिगेआकी हिनोहारा यांनी युद्धकाळातले टोकियोवरचे बॉम्बहल्ले पाहिले होते. नवी इमारत बांधताना त्यांनी व्हरांड्यांच्या आणि प्रार्थनागृहाच्या भिंतींत ऑक्सिजनच्या जोडण्या बसवून घेतल्या होत्या. त्या दिवशी त्या कामी आल्या. मात्र प्रार्थनागृहात हवा खेळती नव्हती आणि रुग्णांचे कपडे उतरवलेले नव्हते. कपड्यांत मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडत राहिला. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची नंतर पाहणी झाली तेव्हा २३ टक्के लोकांना स्वतःलाच त्रास झाल्याचे आढळले. प्रार्थनागृहात काम केलेल्यांत हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. अँब्युलन्सच्या १,३६४ कर्मचाऱ्यांपैकी १३५ जणांना लक्षणे दिसली. ऑक्सिजनचा विचार दूरदृष्टीने केला होता, कपड्यांचा करायचा राहून गेला.

आता आपल्याकडे पाहू. ११ जुलै २००६ रोजी लोकल गाड्यांत सात स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक चादरी घेऊन धावले, जखमींना झोळीत घालून त्यांनी मिळेल त्या टेम्पोतून रुग्णालयात पोहोचवले. या शहराचा तो स्वभाव आहे आणि स्फोटाच्या वेळी त्याने जीव वाचतात. विषारी वायूच्या वेळी हीच माणसे रुग्णाला मिठीत धरून थेट कॅज्युअल्टीच्या पलंगापर्यंत आणतील. पहिल्या दहा मिनिटांत कॅज्युअल्टी दूषित होईल, डॉक्टर-सिस्टर डोळे चोळू लागतील आणि परिसरातले सगळ्यात उपयोगी रुग्णालय बंद पडेल. मुंबईत आता साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मेट्रो मार्ग आहे, पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट गाडी जमिनीखालून जाते. हल्लाच व्हायला हवा असेही नाही. २०१० च्या जुलैत शिवडीत बंदराच्या गोदामातल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरिन गळाला तेव्हा शंभराहून अधिक लोक रुग्णालयांत गेले होते. गळती कुणी मुद्दाम केली की आपोआप झाली, याने फाटकावरच्या कामात काडीचाही फरक पडत नाही.

ते काम असे. एकाच वेळी तीन किंवा अधिक माणसे एकाच ठिकाणाहून डोळ्यांची आग, चुरचुर, नाका-तोंडातून पाणी, उलट्या किंवा धाप अशा तक्रारी घेऊन आली की रखवालदाराने कॅज्युअल्टीचा दरवाजा बंद करून सगळ्यांना बाहेर ठरलेल्या जागी वळवायचे. आरएमओंची, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांची, परवानगी आणायला कुणाला धाडायचे नाही. हा अधिकार लेखी त्याच्याकडेच हवा. जागा उघड्यावरची, वाऱ्याच्या अंदाजाने निवडलेली असावी. मुंबईत दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा आणि पहाटे उलट फिरतो, म्हणून जागा एक नको, दोन ठरवून ठेवाव्यात. गच्चीवर आणि फाटकावर एकेक फडके बांधून ठेवले की वारा कुठून येतो ते कुणालाही दिसते. बहुतेक विषारी वायू हवेपेक्षा जड असतात, तेव्हा तळघरातले पार्किंग, उताराची जागा आणि बंद सभागृह ही तिन्ही ठिकाणे वर्ज्य.

पुढची पायरी कपडे उतरवण्याची. निम्म्याहून अधिक काम इथेच होते. नुसते बाहेरचे कपडे काढले की अंगावरचे ऐंशी-नव्वद टक्के दूषण जाते, असे साधारण मानले जाते. हे वाक्य सगळ्या पुस्तकांत आहे, पण चारचौघांत आपले कपडे माणूस का काढील, याचे उत्तर पुस्तकात नाही. आडोसा नसेल आणि अंगावर घालायला दुसरे काही दिसत नसेल तर बायका कपडे काढणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. म्हणून पडद्यांच्या दोन वेगळ्या ओळी, बायकांच्या ओळीत बायकाच कर्मचारी आणि प्रत्येकासाठी आधीच बांधून ठेवलेली पुडी लागते. तीत एक गाउन किंवा मोठी चादर, एक पंचा, रबरी चपला, दोन जाड प्लास्टिक पिशव्या, किमती वस्तूंसाठी एक लहान पिशवी आणि एकच क्रमांक छापलेल्या तीन न भिजणाऱ्या चिठ्ठ्या असाव्यात. एक चिठ्ठी मनगटाला, एक कपड्यांच्या पिशवीला, एक किमती वस्तूंच्या पिशवीला. मंगळसूत्र आणि मोबाइल परत मिळेल याची खात्री नसली की रांग तिथेच अडते. शिवाय ते कपडे म्हणजे पोलिसांचा पुरावा आहे. कपडे दुहेरी पिशवीत बांधून बाहेरच सावलीत ठेवावेत, इमारतीत आणू नयेत. तीनशे पुड्या एका कपाटात मावतात.

साडी इथे उपकारकच, चेहऱ्याला न लागता फेडता येते. टी-शर्ट, कुर्ता, बुरखा डोक्यावरून ओढून काढला की छातीवर सांडलेले विष नेमके नाका-डोळ्यांवरून जाते, म्हणून ते समोरून कापायचे. त्याला बोथट टोकाच्या दणकट कात्र्या लागतात. ड्रेसिंग ट्रॉलीतल्या कात्रीने जीन्स कापायला बसलात तर एका माणसाला पाच मिनिटे जातात. निदान दहा कात्र्या ठेवा. त्या बुडवायला ब्लीचच्या पाण्याची एक बादलीही ठेवा आणि दर माणसागणिक कात्री बदला.

धुण्याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिरेक होतो. अंगावर द्रव दिसत असेल आणि कातडी भाजत नसेल तर आधी कोरड्या पंचाने, टिश्यूने टिपून घ्यावे. घासू नये, कारण घासल्याने विष कातडीत मुरते. कातडीची आग होत असेल, आम्ल किंवा अल्कली असावे अशी शंका असेल तर लगेच भरपूर पाणी. धुणे साठ ते नव्वद सेकंदांचे, कोमट पाण्याने, साबण लावून, डोक्यापासून खाली, मान मागे झुकवून. मिनिटाला दहा लिटर पाणी धरले तर माणशी पंधरा लिटर आणि दोनशे माणसांना तीन हजार लिटर लागते, म्हणजे एक टँकरसुद्धा पुरा लागत नाही. फाटकाजवळच्या भिंतीला भोके पाडलेला पीव्हीसी पाइप बसवून गच्चीवरच्या टाकीला जोडणे हे प्लंबरचे एका दिवसाचे काम आहे. अग्निशमन दलाचा बंब मिळाला तर झोत पसरट आणि मंद ठेवायला सांगावे. नुसता वायू लागलेल्या, चालत्याबोलत्या माणसाला बाहेरचे कपडे काढून उघड्या हवेत बसवले तरी बहुधा पुरते. त्याला पाऊण तास आंघोळीच्या रांगेत उभे करू नये. धुतलेले पाणी गटारात जाईल का, हा प्रश्न तालमीत हमखास निघतो. अडवता आले तर अडवावे; त्यासाठी रुग्णाला ताटकळत ठेवू नये.

पोशाखाविषयी एक गैरसमज आताच दूर केलेला बरा. कोविडच्या वेळचे पीपीई किट अजून भांडारांत पडून आहेत आणि 'आमच्याकडे पोशाख आहेत' असे उत्तर त्यांच्या भरवशावर दिले जाते. ते किट थेंब अडवते, वाफ अडवत नाही. एन-९५ मास्क धुळीकण अडवतो, क्लोरिन किंवा सरिनची वाफ त्यातून आरपार जाते. रोजचे पातळ रबरी हातमोजे अशा द्रवापुढे फार वेळ टिकत नाहीत. जाड ब्युटाइल रबराचे लागतात. फाटकावर कपडे काढायला आणि धुवायला उभ्या राहणाऱ्यांना रासायनिक झबले, बूट आणि वाफ व कण दोन्ही अडवणाऱ्या डब्यांचा मुखवटा हवा. रुग्णालयाला असे बारा संच पुरतात: चौघे कामावर, चौघे तयारीत, चौघे विश्रांतीला. मे महिन्यात या पोशाखात वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त कुणाला ठेवू नये. आत जाताना वेळ पाठीवर मार्करने लिहावी, बाहेर आल्यावर पाणी पाजावे. तालमीत माणूस चक्कर येऊन पडतो तो वायूने नव्हे, उकाड्याने. मुखवट्याच्या डब्यांना मुदत असते, एकदा उघडले की त्यांचे आयुष्य मोजकेच उरते आणि दाढी असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मुखवटा घट्ट बसत नाही. या तिन्ही गोष्टी खरेदीच्या फायलीत कुठेच नसतात.

औषधांच्या बाबतीत महाराष्ट्र टोकियोपेक्षा कितीतरी जाणकार आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. सरिन आणि शेतावरची ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशके शरीरातल्या एकाच विकराला (एन्झाइमला), कोलिनेस्टरेजला, निकामी करतात. बाहुल्या टाचणीएवढ्या होणे, तोंडाला फेस, छातीत घरघर, स्नायूंचे फडफडणे हे चित्र विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर दारातूनच ओळखते. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दाखल झाले, तेव्हा हेच वॉर्ड भरले होते. पॅम, म्हणजे प्रालिडॉक्झाइम हे या विषावरचे उताऱ्याचे औषध, किती आणि कसे द्यावे यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास बारामतीत २०० रुग्णांवर झाला आणि २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात सुरुवातीला २ ग्रॅम आणि मग ४८ तास ताशी १ ग्रॅम, अशा सततच्या मात्रेने मृत्यू कमी झाले. २००९ च्या श्रीलंकेतल्या चाचणीत पॅमचा असा फायदा दिसला नाही आणि तेव्हापासून वाद आहे. वाद कीटकनाशकांपुरता आहे. युद्धातल्या मज्जाविषांवर आजही स्राव आटवणाऱ्या अॅट्रोपिनच्या जोडीला पॅम लवकरात लवकर द्यावे असेच शिकवतात, कारण विकराशी विषाची गाठ एकदा पक्की झाली की पॅमने ती सुटत नाही. म्हणून शहरातल्या भांडारांनी इंडेंटमधून, म्हणजे औषधांच्या मागणीपत्रातून, पॅम वगळू नये.

आता साठ्याचा हिशेब. अॅट्रोपिनचे नेहमीचे अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचे. गंभीर प्रौढ रुग्णाला शिरेतून २ मिलिग्रॅम, पाच मिनिटांत फरक नाही तर ४, मग ८, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत १४ मिलिग्रॅम, तेवीस-चोवीस अँप्यूल. असे वीस रुग्ण आले तर पाव तासात पावणेपाचशे अँप्यूल फोडावे लागतील. एक अँप्यूल फोडून सिरिंजमध्ये ओढायला पंधरा सेकंद धरले तरी एका रुग्णामागे एका सिस्टरची सहा मिनिटे नुसती काच फोडण्यात जातात आणि बोटे कापतात ती वेगळीच. त्यामुळे मोठ्या कुप्या ठेवा. ते जमत नसेल तर औषध ओढून द्यायला दोन विद्यार्थिनी नेमा, दुसरे काही काम त्यांना देऊ नका. शीर सापडत नसेल तर मांडीच्या स्नायूत द्यावे, आणि गंभीर रुग्णाला हे धुण्याच्या आधी, बाहेरच द्यावे. थांबायचे कधी, यात चूक होते. छाती मोकळी झाली, स्राव आटले, रक्तदाब सावरला की थांबायचे. बाहुल्यांकडे पाहून अॅट्रोपिन देत राहिलात तर रुग्ण बडबडू लागतो, अंग तापते, पोटातला आवाज बंद होतो. बाहुल्या पुढे कित्येक दिवस बारीकच राहू शकतात. नुसती डोळ्यांची तक्रार असलेल्याला सुई नको, काही तास नजरेखाली ठेवावे. टोकियोतल्या त्या ६४० पैकी पाचशेहून अधिक असेच होते. लोकांना घरोघरी या औषधाच्या सुया वाटाव्यात असेही कुणी अधूनमधून सुचवते. १९९१ च्या आखाती युद्धात इस्राएलमध्ये तशा वाटल्या गेल्या होत्या आणि दोनशेहून अधिक लोकांनी कुठलाही वायू नसताना भीतीपोटी त्या टोचून घेतल्या.

पॅम भराभर ढकलू नये. १ ते २ ग्रॅम सलाईनमधून वीस-तीस मिनिटांत. झटके आले तर डायझेपाम १० मिलिग्रॅम. डायझेपाम-मिडाझोलाम कुलपात असतात आणि किल्ली एकाच माणसाकडे असते. टोकियोत वेळ होती सकाळी आठ, आपल्याकडची पाळी बदलायची. रात्रीच्या सिस्टर निघालेल्या, फार्मासिस्ट नऊला येणार. दुसरी किल्ली कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरकडे लेखी ठेवणे, याला एक रुपयाही लागत नाही. सक्शन मशीन मात्र पैशाची बाब आहे. हे रुग्ण आपल्याच स्रावात बुडतात आणि उघड्यावर विजेचा बोर्ड नसतो. पायाने चालणारे, स्राव ओढून घेणारे सहा सक्शन पंप आणि हाताने दाबून श्वास द्यायच्या बारा अम्बू पिशव्या त्या कपाटातच हव्यात.

राखीव साठा मुदत संपून फेकला जातो, ही लेखापरीक्षकांची नेहमीची हरकत. तिला उत्तर राज्यातच आहे. फवारणीचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो. मुंबई-पुण्याच्या राखीव साठ्यातले सहा-आठ महिने मुदत उरलेले अॅट्रोपिन आणि पॅम दर जुलैत यवतमाळ, अमरावती, अकोल्याला पाठवावे आणि त्या जिल्ह्यांच्या मंजूर खरेदीतून शहरात नवा माल भरावा. औषध वाया जात नाही आणि हंगामात तिकडे तुटवडाही पडत नाही. तिकडच्या दोन-चार सिस्टर या अदलाबदलीबरोबर आठवडाभर मुंबईत आल्या तर आमच्या निवासी डॉक्टरांना त्या पुष्कळ शिकवतील.

वायू कुठला हे डॉक्टरांना न कळण्याची किंमत भोपाळने डिसेंबर १९८४ मध्ये मोजली. त्या रात्री शहरातल्या डॉक्टरांना मिथाइल आयसोसायनेटवर काय करायचे हे सांगणारे कुणी नव्हते; तोंडावर ओला कपडा धरा, एवढा साधा निरोपसुद्धा बहुतेकांपर्यंत गेला नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोच्या नाट्यगृहातल्या ओलिसांना सोडवताना सरकारी पथकांनीच गुंगीचा वायू सोडला आणि तो फेंटानिलच्या, म्हणजे अफूसारख्या गुंगीच्या औषधाच्या, जातीचा आहे हे दारात उभ्या अँब्युलन्सवाल्यांना सांगितले नाही. बेशुद्ध माणसे उताणी ठेवली गेली, जीभ मागे पडून गुदमरली. सुमारे १३० ओलीस गेले. गुप्ततेची गरज आम्हाला समजते. पण पोलीस नियंत्रण कक्षातून कॅज्युअल्टीला थेट फोन आणि 'अजून नक्की नाही, संशय याचा आहे' एवढे वाक्य पहिल्या पंधरा मिनिटांत मिळायलाच हवे. तोवर लक्षणांवरून चालावे. बारीक बाहुल्या आणि पाणीच पाणी असेल तर अॅट्रोपिन. बारीक बाहुल्या, पण अंग कोरडे, श्वास मंद आणि माणूस गाढ झोपेत असेल तर अम्बूने श्वास देऊन अशा गुंगीवरचा उतारा, नॅलोक्सोन, आणि कुशीवर वळवणे. डोळे-घसा जळतो आणि खोकला आहे तर ऑक्सिजन, डोळे धुणे. त्यातला फॉस्जिनचा रुग्ण सुरुवातीला बरा दिसतो आणि चोवीस तासांत फुप्फुसात पाणी भरते, म्हणून पायऱ्या चढायला लावून घरी धाडू नये. हा तक्ता एका पानाचा होतो. तो आरएमओंच्या कपाटात नको, कॅज्युअल्टीच्या भिंतीवर हवा.

किरणोत्सर्गाची गोष्ट थोडी उलटी आहे. तिथे डॉक्टर नको इतके घाबरतात. अंगावर किरणोत्सारी धूळ असलेल्या जखमी माणसावर साधा गाउन, मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून उपचार करता येतात. आधी जीव वाचवायचा, मग धूळ झाडायची. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातला सीझियमचा स्रोत भंगारात गेला. चौघे दगावले, २४९ जण दूषित निघाले, पण तपासून घ्यायला स्टेडियमवर एक लाखाहून अधिक लोकांची रीघ लागली. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारात आलेल्या कोबाल्टने एकाचा जीव घेतला. असे झाले तर निरोगी पण धास्तावलेली गर्दी रुग्णालयाच्या फाटकाशी येऊ देऊ नये. तिच्यासाठी मैदान किंवा शाळा ठरवून तिथे मोजणीयंत्रे न्यावीत. ट्रॉम्ब्याच्या भाभा केंद्रामुळे मुंबईला जाणकार माणसांची वाण नाही. आयोडीनच्या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीनवर चालतात, सीझियम-कोबाल्टवर नाही. हे आधीच छापून ठेवा. त्या दिवशी दुकानांपुढे रांगा लागल्यावर कुणी ऐकणार नाही.

जैविक हल्ल्याला फाटकच नसते. रुग्ण आठवडाभर वेगवेगळ्या दवाखान्यांत विखरून येतात. पुण्याहून १९८१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या रजनीश पंथातल्या काहींनी १९८४ साली ओरेगॉनमधल्या द डॅलेस गावात हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळले. ७५१ लोक आजारी पडले, तरी तपासात दोष आधी स्वयंपाक्यांच्या हातांवर गेला. मुद्दाम केल्याचे उघड व्हायला वर्ष लागले. त्यामुळे जैविक तयारी म्हणजे मुख्यतः रोजची साथनोंद वेळेवर भरणे आणि नमुना चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवणे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी प्रयोगशाळा दाराशी असून नमुना बर्फ वितळलेल्या डब्यातून गेला तर उपयोग नाही.

यातही एक हिशेब करून ठेवावा लागतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग आढळला आणि सप्टेंबरात सुरतमध्ये. तो हल्ला नव्हता, पण काही तासांत टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दुकानांतून गायब झाले, लाखो लोकांनी शहर सोडले, अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. फुप्फुसाच्या प्लेगच्या रुग्णाशी जवळून संबंध आलेल्याला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस द्यावे लागते. एक लाख लोकांना चौदा लाख कॅप्सूल, आणि लहान मुलांचे औषध वेगळे. गोळ्या मिळतील, त्या दोन दिवसांत वाटणार कोण? आपल्याकडे याचे उत्तर तयार आहे. पल्स पोलिओचे बूथ, मतदार यादीचे भाग आणि आशाताई. औषध दुकानातून नको, यादीप्रमाणे बूथवर, घरटी एका माणसाच्या हाती आणि सोबत मराठी, हिंदी, उर्दूतली चिठ्ठी. चिठ्ठीवर शेवटचा डोस कुठल्या तारखेचा ते छापावे. अमेरिकेत २००१ च्या अँथ्रॅक्स पत्रांनंतर साठ दिवसांचा कोर्स सुचवलेल्या सुमारे दहा हजारांपैकी निम्म्यांनीही तो पुरा केला नव्हता.

राहिली तालीम. तारीख कळवून, मंडप घालून, पाहुणे बोलावून केलेल्या तालमीत सगळे जमते. कुणालाही न सांगता सोमवारी सकाळी साडेआठला नर्सिंगच्या चाळीस विद्यार्थिनींना लक्षणांची चिठ्ठी हातात देऊन टॅक्सीने पाठवा आणि निघण्यापूर्वी त्यांच्या कपड्यांवर मूठ-मूठ गुलाल टाका. तास-दीड तासाने थांबवा आणि इमारतभर हिंडून गुलाल शोधा. तो कॅज्युअल्टीच्या पलंगावर सापडेल, लिफ्टच्या बटणावर, केसपेपर लिहिणाऱ्याच्या पेनावर, स्टेथोस्कोपवर, चहाच्या कपाच्या कानावर. जिथे जिथे सापडेल तिथे खडूने गोल करून फोटो घ्या. महिन्याभराने पुन्हा करा आणि गोल मोजा. पहिल्या दिवशी कुठे नजर टाकायची हे कळत नसेल तर दुपारी सफाई कामगारांना विचारा. गुलाल कुठवर गेला होता ते पुसणाऱ्यांना नेमके ठाऊक असते.

आपले,
आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील काही डॉक्टर व परिचारिका,
मुंबई